काळी दाढ

माझा स्वभाव संशयी आहे, असं सासरी सगळे म्हणत. खरंच आहे ते. तो मला माहेरी, वलगावात जडला, आमच्या मळ्यात नवी विहीर खणायला घेतली त्या उन्हाळ्यात.

आम्ही माळी, पेरू आणि भाजी पिकवणारे. काही वर्षांपूर्वी बाबा बैल बघायला चांदूर रेल्वेला म्हणून निघाले, ते परतलेच नाहीत. पळून गेले, साधू झाले, ज्याच्या तोंडी जे येईल ते. आई कुंकू लावत राहिली. बाबांचा धाकटा भाऊ, माझा काका, तिच्याशी पाट लावायला टपून होता. आमच्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, दिराशी लागे, आणि तिच्याबरोबर मळाही त्याच्या हाती गेला असता. पण नवरा मेल्याची खात्री नसताना जातीचे पंच काही हो म्हणेनात.

पाणी बघणाऱ्यानं विहिरीची जागा चिंचेजवळ दाखवली होती. काका हटून बसला, खणायचं तर बाभळीपाशीच. थोडं खोल जातो तोच हाडं लागली. बरीचशी मोडकी, खालचा जबडा तेवढा धड. पुढचे दात गळलेले, एक सुळा आणि मागच्या दाढा शाबूत. माती झटकायच्या आधीच काकानं गळा काढला, "माहा दादा हाय थो. चोरायनं मारून गाडला त्याले."

मला तिथंच खटकलं. नुसत्या जबड्यावरून सख्खा भाऊ ओळखणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आई रडत नव्हती. ती काकाकडे बघत होती.

पोलीस पाटलानं जबडा धुतला. दाढा काळ्याभोर निघाल्या. जमलेल्या बायका म्हणाल्या, "बाईमानूस हाय हे. दातवन लावलेलं दिसते." दातवण म्हणजे दात काळे करायची पूड, सवाष्णी लावत, नवरा गेला की सोडत. पुरुषांनी लावायची ती वस्तूच नव्हे.

जबडा अमरावतीला सरकारी दवाखान्यात गेला. मागोमाग काका, आई आणि मी. डॉक्टरांनी सुळा मोजला आणि म्हणाले, "पुरुषाचा सुळा बहुधा मोठा असतो, आणि हा मोठा आहे. पण काही बायकांचाही असतो. नुसत्या दातांवरून छातीठोक सांगता येत नाही." मग ते आईकडे वळले. "बाई, तुमचे मालक दातांना काळं काही लावत होते?"

बाबांच्या दाढा ठणकायच्या. ते आईच्या डबीतलं दातवण चिमूटभर घेऊन फक्त मागच्या दाढांना चोळायचे, हसताना दिसू नये म्हणून. गावानं त्यांची टिंगल केली असती. हे घरात आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

आई म्हणाली, "पुरुष मानूस दातवन लावते का कुठं, डाक्टरसाहेब?"

"पन सुळा मोठा हाय म्हनले न तुमी," काका डॉक्टरांना विनवू लागला. भाऊ मेलेलाच हवा, असा त्याचा हट्ट होता. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली आणि दातवणावरून बहुधा स्त्री, असं लिहून दिलं. पाट तिथंच अडला.

परतताना मला आईचा फार राग आला होता. बाबांची हाडं एका अनोळखी बाईची ठरली होती, त्यांच्या नावानं कुणी आंघोळसुद्धा केली नाही.

आईनं कुंकू तसंच ठेवलं. दातवणाची डबी मात्र त्या दिवसापासून उघडली नाही. दिवाळीपर्यंत तिचे दात उजळायला लागले. तेव्हा कुठं मला कळलं, आणि माझा राग गेला.

काकाच्याही ते नजरेत आलं. जेवताना त्यानं विचारलं, "वयनी, दातवन काहून सोडलं?"

आईनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. "तुमाले मालूम हाय न, भाऊजी."

काका भाकरी न मोडता उठला. पाटाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.