उन्हातून बेळेला आणणारा काळू

काळू उन्हाने मेला नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण गल्लीतल्या निम्म्या लोकांनी त्याचं मरण उन्हातच लिहून ठेवलं होतं. काळंकुळकुळीत कुत्रं, एप्रिलचं ऊन, "हा काही टिकत नाही" हे दर उन्हाळ्यात ऐकलं.

तो आज सकाळी गेला. म्हातारपणाने. आमच्या गेटच्या आत, फरशीवर, झोपेत.

मी नोकरीसाठी अकोल्याहून म्हैसूरला आलो, चामराजपुरममध्ये वरचा मजला भाड्याने घेतला, तेव्हा हा गेटपाशी बसलेला. काळं कुत्रं दिसलं, नाव ठेवलं काळू. विषय संपला.

खाली घरमालकीण तुळसाक्का. त्यांचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, पण प्रत्येक वाक्याला कन्नडची फोडणी. माझी हाक ऐकून त्या हसत हसत पायरीवर बसल्याच.

"अय्यो, काळु? कन्नडात काळु म्हंजे कडधान्य की हो! कुत्र्याला कोण मटकी म्हणतं?"

झालं. गल्लीने त्याला उडीद ठरवून टाकलं. सालासकट, काळा.

पुढे कुठूनशी एक पांढरी कुत्री त्याच्यामागून आली, तेव्हा नाव शोधावंच लागलं नाही. साल काढलेला उडीद म्हणजे डाळ. कन्नडात बेळे.

काळू आणि बेळे.

आता उन्हाचं. अकोल्याच्या माणसाला म्हैसूरचं ऊन दाखवू नये, तो हसतो. मीही हसायचो. एकदा काळू नुकताच उन्हातून आला होता, तर तुळसाक्कांनी माझा हात धरून त्याच्या पाठीवर ठेवला.

तवा. अक्षरशः तवा.

"नोडी, बघा, तुमच्या अकोल्याचा बिसिलु तुमच्याजवळ ठेवा. ह्याच्या अंगावर काळा कोट हाय, बटन काढता येत नाही, अल्वा?"

बिसिलु म्हणजे ऊन. इथे आल्यावर हा शब्द लवकरच शिकावा लागतो.

काळूला हे सगळं आधीच माहीत होतं. समोर होंगेचं झाड आहे, म्हणजे आपला करंज. त्याची सावली दिवसभर सरकते आणि काळू तिच्यासोबत सरकायचा. सकाळी गटारावरच्या फरशीवर, दुपारी बुंध्याला चिकटून, मग आमच्या भिंतीकडे. ऑफिसात मीटिंग टाळणारे पुष्कळ पाहिलेत, पण इतक्या शिस्तीत ऊन टाळणारा हा एकच.

बेळे मात्र भर उन्हात पसरायची. आम्ही सगळे म्हणायचो, पांढरी आहे, तिला काय होतंय! पांढरा रंग ऊन परतवतो, शाळेत शिकलोय की.

मग तिच्या नाकाला आणि कानांच्या टोकांना जखमा झाल्या.

प्राण्यांच्या डॉक्टर मॅडमनी तिचे केस बाजूला करून दाखवले. आत गुलाबी कातडी, तान्ह्या बाळासारखी. म्हणाल्या, काळा लवकर तापतो आणि पांढरी भाजते. दोघांना औषध एकच, सावली.

आणि जाता जाता म्हणाल्या, हिला ऐकू येत नाही, तुम्हाला माहीत आहे ना? बहुतेक जन्मापासूनच. इतक्या पांढऱ्या कुत्र्यांत होतं असं कधीकधी.

म्हणजे आम्ही गेटवरून "बेळे, बेळे" ओरडायचो ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

काळूला हे कधी कळलं देव जाणे, पण आमच्या आधी कळलं होतं. तो तिच्यावर कधी भुंकला नाही. सावली सरकली की उठायचा आणि नव्या जागेवर बसण्याआधी उन्हात जायचा. बेळेच्या मानेत नाक खुपसायचा. ती उठून त्याच्यामागे यायची.

मग हा बसायचा.

ज्याला ऊन सगळ्यात जास्त लागायचं, तोच उन्हात जायचा. रोज. कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात तो थकला होता. मागचे पाय आखडायचे. एका भर दुपारी बेळे पार वळणावर, डांबरावर झोपलेली. मी आणि तुळसाक्का गेटमधून बघतोय, तर हा लंगडत निघाला.

"बेडा रे, नको जाऊ!" तुळसाक्का ओरडल्या. ऐकतो कुठला.

नाक खुपसलं. ती गाढ झोपेत. परत खुपसलं. मग तिथेच उभा राहिला. त्याची सावली तिच्या तोंडावर पडली होती.

मुद्दाम उभा होता असं मी म्हणणार नाही. कदाचित पायच उचलत नसतील. ज्याने त्याने काय समजायचं ते समजावं.

मग तो कोसळला.

धावत जाऊन त्याला उचललं, झाडाखाली आणलं. तुळसाक्का बादली घेऊन आल्या. "पोटावर घाला, पंजावर घाला, नीरु हळू घाला हो!" नळाचं साधं पाणी घालत राहिलो. बेळे जागी होऊन आमच्याभोवती फिरत होती. बऱ्याच वेळाने त्याची धाप उतरली. तुळसाक्का रडत होत्या. मीही.

त्यानंतर हा पठ्ठ्या अख्खा पावसाळा, दसरा आणि थंडी जगला. ज्यांनी "टिकत नाही" म्हटलं होतं, त्यांच्या गेटसमोरून शेपटी वर करून जायचा.

मला सहसा कुणाचं कौतुक करता येत नाही. बायको सांगेल. पण या कुत्र्याला मी मानतो. मनापासून मानतो.

आज दुपारी त्याला मागच्या अंगणात पुरलं आणि पुढे आलो. होंगेची सावली सरकलेली. बेळे उन्हात. झोपलेली नाही, नुसती बसलेली.

चप्पल घालून गेलो, तिच्या मानेवर हात ठेवला.

ती उठली. माझ्या हाताचा वास घेतला. मग माझ्या मागे बघितलं, बराच वेळ.

आणि माझ्याबरोबर चालायला लागली.

काळू, निवांत जा.
तिला आणायला आम्ही जाऊ.
तुला मनापासून नमस्कार, दोस्ता.