हरवले-सापडले: दात, तीन

शाळेत तिला सगळे हजेरीबाई म्हणत. खरं तर ती कार्यालयातली कारकून, पण उशिरा येणाऱ्यांना चिठ्ठी द्यायचं काम बावीस वर्षं तिच्याच खिडकीत होतं. ज्यांनी एकेकाळी त्या खिडकीसमोर मान खाली घालून "जाग आली नाही" असं सांगितलं होतं, त्यांची मुलं आता तिथेच उभी राहून तेच सांगत होती. बाई बुटकी, गोल, चष्मा दोरीला अडकवलेला. हसू आलं की आधी तिचं पोट हले, मग खांदे, आणि आवाज सगळ्यात शेवटी बाहेर पडे.

हरवलेल्या वस्तूंचं कपाटही तिच्याच खोलीत होतं. पानगळीच्या सत्रात ते तुडुंब भरायचं. सकाळी गारठा, दुपारी ऊन, त्यामुळे अंगातून निघालेला स्वेटर परत अंगात जाईलच असं नाही. डब्यांची झाकणं यायची, एकेकटे हातमोजे यायचे. एकदा डाव्या पायाचा बूट आला, आणि त्याचा मालक घरी गेला कसा हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. प्रत्येक वस्तू बाई वहीत लिहायची आणि दर शुक्रवारी यादी फलकावर लावायची. यादी वाचत कुणीच नसे, पण म्हणून ती लावायची राहिली असं एकदाही झालं नाही.

हे सत्रच मुळात रडवं. खेळांच्या स्पर्धा संपलेल्या, परीक्षा पुढ्यात, अर्धी शाळा शिंकतेय आणि उरलेली खोकतेय. दरवर्षी मुख्याध्यापक सर हे दिवस निभावून नेत. रोज परिपाठाला ते काहीतरी गंमत सांगत. ती बहुतेक वेळा फुसकी असे, तरी सहाशे पोरं त्यांच्या चेहऱ्याकडे बघूनच हसत.

यंदा मात्र एका मंगळवारी सर परिपाठाला आले ते तोंडावर रुमाल धरून. हात वर केला, मान हलवली आणि निघून गेले. बुधवारीही तेच. कुणी काही विचारलं तर ते कागदावर लिहून देत: "हो." "नाही." "नंतर बघू." शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली. तपासणीचा अहवाल वाईट आला म्हणे. मग शाळा बंद होणार म्हणे. गुरुवारपर्यंत बातमी इतकी पिकली, की शाळेची इमारत पाडून तिथे गोदाम बांधणार, हेही ठरून गेलं. शिक्षकांचे चेहरे पाहून पोरंही गप्प झाली.

हजेरीबाईला आपल्या खिडकीची काळजी लागली. बावीस वर्षं तिनं दुसरं काही केलंच नव्हतं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर सफाईच्या मावशी तिच्या खिडकीशी आल्या. मंचावरच्या खुर्च्या हलवताना त्यांना एक चुरगळलेला रुमाल सापडला होता.

"बाई, ह्यात काहीतरी आहे," मावशी म्हणाल्या. "मी उघडून बघितलं आणि परत बांधून टाकलं. तुम्हीच बघा."

बाईनं चष्मा लावून गाठ सोडली. आत गुलाबी पट्टीवर बसवलेले वरचे तीन दात होते. कुणाचीतरी छोटी कवळी.

"कुणाचे असतील हो?"

"काय सांगावं," बाई म्हणाली. तिनं मनातल्या मनात सगळ्या शिक्षकांची तोंडं तपासली. पाहिजे ते तोंड सापडलं नाही. पण वस्तू ती वस्तू. तिनं कवळी कोमट पाण्यानं धुतली, स्वच्छ डबीत ठेवली आणि वहीत लिहिलं: "दात, वरचे, तीन. रंग जरासा पिवळट." शुक्रवारी सकाळी यादी नेहमीसारखी फलकावर लागली.

पहिल्या सुट्टीत ती यादी कुणीतरी वाचली. शाळेच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदाच. आणि पाच मिनिटांत बाईच्या खिडकीसमोर पहिलीचा अख्खा वर्ग रांगेत उभा. सहा-सात वर्षांची ती पोरं, एकाचेही पुढचे दात धड नाहीत. सगळ्यांनी पुराव्यादाखल तोंडं उघडलेली.

"बाई, माझे पण तीनच पडलेत. मोजा," सर्वांत पुढची मुलगी म्हणाली.

"अगं राणी, हे मोठ्या माणसाचे आहेत. तुला कसे बसतील?"

"ठेवते ना मी. मोठी झाले की बसतील."

मागून एक मुलगा म्हणाला, "मला दोन चालतील." त्यावर तिसऱ्यानं उरलेला एक मागून ठेवला.

बाईचं पोट हलायला लागलं. तेवढ्यात गणिताचे सर आले. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी वाकून डबीत पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं, "माझे नाहीत. तशी नोंद करून ठेवा." झालं. बाईचे खांदे हलले, आवाज फुटला, तिनं टेबलावर डोकं टेकलं, आणि काय झालं हे न समजताही पहिलीचा वर्ग खिदळायला लागला. आठवड्याभरात शाळेत ऐकू आलेलं ते पहिलं हसू.

तेवढ्यात मुख्याध्यापकांची चिठ्ठी आली: "कृपया या. डबी घेऊन या."

बाई डोळे पुसत त्यांच्या खोलीत गेली. सरांनी दार लावायची खूण केली, कागद ओढला आणि लिहिलं: "माझे आहेत."

बाई त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. हसू दाबायला तिनं आतून गाल चावला. "सर, नियम सगळ्यांना सारखा. वस्तूची खूण सांगावी लागते."

सरांनी लिहिलं: "मधल्या दाताचा कोपरा उडालाय. अक्रोड." खाली आणखी एक ओळ: "सोमवारी मंचावर रुमालात शिंकलो. रुमाल कुठे पडला कळलं नाही."

बाईनं डबी उघडली. कोपरा उडालेला होता. तिला आता काही केल्या आवरेना, आणि तिच्याकडे बघून सरांचा रुमाल खाली आला. पुढचे तीन दात नसलेले ते पंचावन्न वर्षांचे गृहस्थ मोकळेपणी हसले, तेव्हा थेट पहिलीतले दिसत होते.

"पण सर," श्वास सावरल्यावर बाई म्हणाली, "बाहेर सगळे म्हणतायत शाळा बंद होणार. तुम्ही बोलत नाही म्हणून."

सरांचं हसू थांबलं. त्यांनी घाईघाईनं कवळी बसवली, जीभ फिरवून पाहिली आणि चार दिवसांनी पहिलं वाक्य बोलले. "अरे देवा. मला वाटलं कुणाच्या लक्षातच आलं नाही."

शेवटच्या तासाला त्यांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. शिक्षक आले ते दुखवट्याला आल्यासारखे.

"माझे दात हरवले होते," सर माईकवर म्हणाले. "आज सापडले. शाळा कुठेही जात नाहीये."

मग एक विचित्र, गंजल्या बिजागरीसारखा आवाज आला. गणिताचे सर हसत होते. त्यानंतर सभागृहाला कुणी आवरू शकलं नाही.

गोंगाट ओसरल्यावर सरांनी हजेरीबाईला मंचावर बोलावलं. "ही यादी आता दर शुक्रवारी बाईच वाचून दाखवतील. आजपासून."

तिनं आयुष्यात माईक हातात धरला नव्हता. "एक," ती कशीबशी म्हणाली. "स्वेटर, निळा. कोपराला भोक."

"माझा आहे," मागून कुणीतरी ओरडलं. "पण भोक नवीन आहे."

हशा उठला आणि बाईचा आवाज मोकळा झाला. यादीतल्या बाराही वस्तू तिनं अशा वाचल्या की जणू प्रत्येकीचं लग्नच जमवायचं होतं.

घरी तिचे सासरे खिडकीशी वाट बघत बसलेले असत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. आता गुडघ्यांमुळे घराबाहेर पडणं बंद, म्हणून शाळेची बातमी हीच त्यांची करमणूक. दातांची गोष्ट ऐकून ते खोकला येईपर्यंत हसले. पाणी पिऊन म्हणाले, "आणि माईकवर तू बोललीस?"

"हो, मामंजी."

"सहाशे पोरांसमोर?"

"आणि शिक्षक वेगळे."

"मग उभी राहा आणि मला पण वाचून दाखव."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि बाराही वस्तू तोंडपाठ म्हणून दाखवल्या. मामंजींनी प्रत्येक वस्तूला टाळी वाजवली.

परीक्षा आल्या, सर्दी काही हटली नाही, पण शुक्रवार आला की पोरं सभागृहात पळत जात. आपली वस्तू माईकवर ऐकली की लगेच उचलायला येत, त्यामुळे कपाट रिकामं व्हायला लागलं. सत्राच्या शेवटच्या शुक्रवारी यादीत एकच नोंद उरली होती. बाई मंचावर गेली, चष्मा लावला, सगळीकडे एकदा नजर फिरवली.

"छत्रीची मूठ," ती म्हणाली. "छत्री नाही."

आणि सहाशे पोरं हसायची थांबेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.