ऑपरेशनआधीचं जुलाबाचं मीठ

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट, पण सांगताना अजून माझे कान तापतात. बाबांच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशनआधी पोट धुऊन निघायला हवं, म्हणून वॉर्डात मॅग्नेशियमचं जुलाबाचं मीठ पाण्यात ढवळून ग्लासावर ग्लास द्यायला लागले.

बाबांच्या किडन्या आधीपासून कमजोर. पण कुणी विचारलं नाही, आणि बाबांनी सांगितलं नाही. पोट साफ असणं ही आमच्या घरात इभ्रतीची बाब. दर रविवारी ते आम्हा भावंडांना रांगेत उभं करून एरंडेल पाजत. तोंड वाकडं केलं की आणखी एक चमचा. हा माणूस ग्लासाला नाही म्हणतोय होय! उलट मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी बाबा शांत झाले. बाबा, आणि शांत! नर्स म्हणाली, "किती गुणी पेशंट!" मीही गाढवासारखा खूश. त्यांच्याशेजारी बसून जन्मात पहिल्यांदा अख्खा पेपर वाचला.

तेवढ्यात आई थर्मास घेऊन आली. चहाचा घोट बाबांच्या ओठांवरून ओघळला.

"साखर टाकाची विसरली मी, अन् हे शिवी काहून नाही देऊन राहिले?"

"झोपेत असतील."

"झोपेत तर जास्त देतात! ऊठ, डॉक्टरले आण!"

मी एका चपलेनिशी धावलो. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी नाडी धरली. मंद. श्वास उथळ. लगेच सलाईन, कॅल्शियमचं इंजेक्शन. "किडनी मीठ बाहेर टाकत नाहीये, रक्तात साचलंय. आणखी दिलं असतं तर श्वासच थांबला असता."

संध्याकाळी बाबांनी डोळे उघडले, तेव्हा सर्जन आले. "होतं असं कधीकधी. हे आम्ही सगळ्यांनाच देतो."

"सगळ्यांनाच?" माझा आवाज फाटला. ऑफिसात शिपायालासुद्धा अहो-जाहो करणारा मी! "किडनीचं एकदा विचारलं असतं तर तुमचं काय गेलं असतं?"

"आवाज खाली. बाकीच्या पेशंटना त्रास होतो."

आईनं पदर खोचला आणि शेजारच्या खाटेपाशी गेली. तिथला म्हातारा नाक दाबून ग्लास तोंडाला लावत होता.

"बाबाजी, किडनीचा काही त्रास हाय का तुमाले?"

"हाय नं माय. काहून?"

आईनं त्याच्या हातून ग्लास काढला आणि सर्जनच्या हातात दिला.