नानांचा तारांकित प्रश्न

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला कुणी नव्हतं असंही नाही — एक माणूस होता. पण ज्याला मी सगळं सांगायचो, नेमकं त्याच्यापासूनच हे लपवायचं होतं. मग राहिलं कोण? तुम्ही. तुम्ही समोर बसला आहात आणि तुम्हाला घाई नाही, असं धरून लिहितो. मी सावकाश लिहिणारा माणूस आहे. दिवसाला एक पान होतं.

नाना गेले त्याला आज पंधरा दिवस झाले. नाना म्हणजे शिंदखेड्याच्या शाळेत बत्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवून धुळ्याला, देवपुरात येऊन राहिलेले एक निवृत्त मास्तर. माझ्याहून अठरा वर्षांनी मोठे. त्यांची बायको आधीच वारलेली, एकुलती मुलगी सुनंदा लग्न होऊन मस्कतला गेलेली. मी तेव्हा धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो — कोणत्या, ते लिहीत नाही. चूक कचेरीची नव्हती. एकटा राहत होतो. संध्याकाळी वाचनालयात जायचो, तिथे आमची ओळख झाली.

ओळख कशावरून झाली हे सांगितलं तर हसाल. लोक वाचनालयात कादंबऱ्या मागतात. नाना विधिमंडळाच्या कामकाजाचे छापील खंड मागायचे. धूळ झटकून, चष्मा पुसून, प्रश्नोत्तरांचा तास उघडायचे आणि वाचता वाचता खुदकन हसायचे. एका गुरुवारी मी विचारलं, काय वाचताय? ते म्हणाले, "नाटक. आणि तेही फुकटात."

तेव्हापासून आमचे गुरुवार ठरले. वाचनालय बंद झालं की पांझरेच्या पुलावरून चालत त्यांच्या घरी जायचं, चहा ठेवायचा आणि प्रश्नोत्तरांचा तास भरवायचा. नाना कायम विरोधी पक्षात. मी कायम मंत्री. "तू मोघम बोलतोस," ते म्हणायचे, "तुला खातं शोभतं." माझ्याकडे गृह खातं होतं. तुरुंग, पोलीस, सगळं माझ्याकडे.

"तुरुंगात कैद्यांना मिळणारी भाकरी कच्ची असते, हे खरे आहे काय?"

"अंशतः खरे आहे."

"कोणता अंश?"

"कडेचा."

एवढ्यावर आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचो. मी फार हसणारा माणूस नाही. दिवसभर कचेरीत कोणी मला हसताना पाहिलं नसेल. पण गुरुवारी मी हसायचो — आणि शुक्रवारपासून पुढच्या गुरुवारची वाट पाहायचो. हे आधी सांगून ठेवतो आहे, ते सबब म्हणून नाही. पुढचं कळायला एवढं लागतं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. त्या वर्षी दिवाळीच्या आधी मस्कतहून पत्र आलं. सुनंदाला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरनं तिला प्रवासाची मनाई केली होती. आणि माहेरी तरी कोण होतं? नानांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "तिच्या आईच्या जागी मी जाणार." पासपोर्टसाठी अर्ज मुंबईला गेला. शेजारच्या अक्कांकडून ते डिंकाचे लाडू शिकले. डिंक किती तळायचा, खोबरं कधी घालायचं, हे सगळं त्यांनी वहीत क्रमांक घालून उतरवून घेतलं, परीक्षेला बसल्यासारखं.

पासपोर्टचा अर्ज मुंबईला गेला की तिथून एक कागद जिल्ह्याला येतो. माणूस कसा आहे, गुन्हा वगैरे दाखल आहे का, याची पोलीस चौकशी होते. आमच्या कचेरीत त्याला पारपत्र पडताळणी म्हणत. नानांचा कायमचा पत्ता अजून शिंदखेड्याचाच होता, म्हणून त्यांचा कागद तिकडच्या ठाण्याला गेला आणि दहा दिवसांत परत आला. "हरकत नाही." आता काम उरलं ते एवढंच — मुंबईला पाठवायचं चार ओळींचं पत्र टंकलिखित करायचं, साहेबांची सही घ्यायची आणि जावकला द्यायचं. अर्ध्या तासाचं काम. ते काम माझ्या टेबलाचं होतं.

तो कागद आला तो गुरुवार होता. संध्याकाळी नाना सहज म्हणाले, "एकदा गेलो की वर्षभर काही येत नाही रे. पोरगी म्हणते, इथेच राहा." आणि चहा गाळत राहिले. दुसऱ्या दिवशी तो कागद हातात घेतला, टंकयंत्रात कोरा कागद घातला — आणि काढला. उद्या करू म्हटलं. नानांचा कागद खणात, जुन्या पंचांगाखाली ठेवला.

एका दिवसासाठी ठेवला होता का? तसं स्वतःला सांगितलं होतं खरं. पण शनिवारी तो काढला नाही, सोमवारीही नाही. आणि गुरुवार आला तो नेहमीसारखाच मजेत गेला. मग पुढचा आला.

नाना दर आठवड्याला विचारायचे, "मना कागद कोठे शे, भाऊ?" खुशीत असले की ते अहिराणीत शिरायचे. मी सांगायचो, फिरतीवर आहे. वर गेला आहे. आता मुंबईच्या हातात आहे. त्यांनी माझ्यावर कधी शंका घेतली नाही. घेणार तरी का? आपला माणूस कचेरीत आहे, म्हणून ते निश्चिंत होते. सुनंदाला पत्रात तसं कळवतही होते.

आणि लाडू. ते लाडू करून तयार ठेवायचे, बोलावणं आलं की निघता यावं म्हणून. महिन्याभरात जुने व्हायचे. मग नवे करायचे, आणि जुने माझ्या ताटलीत यायचे. "खा, तुला ताकद येऊ दे, मंत्रिमंडळ चालवायचं आहे." बाळंतिणीचे लाडू मी खाल्ले. तीन खेपांचे. चांगले झाले होते.

याहून वाईट एक गोष्ट आहे. जानेवारीतल्या एका गुरुवारी आमचा तास रंगात आला होता. नाना उठून उभे राहिले, उपरणं सावरलं, आणि म्हणाले, "सन्माननीय मंत्रीमहोदय, शिंदखेड्याच्या एका गरीब मास्तराचा पारपत्राचा कागद दोन महिने कुठे दडला आहे, याचा खुलासा करतील काय?"

मी मंत्री होतो. मी उठलो आणि म्हणालो, "माहिती घेण्यात येत आहे."

ते टाळी द्यायला पुढे आले. मी टाळी दिली. आम्ही दोघंही हसलो — आणि माझं हसू खोटं नव्हतं, हेच मला आजपर्यंत टोचतं. त्या क्षणी मला खरोखर मजा वाटली होती. असा माणूस असतो का? असतो. मी होतो.

फेब्रुवारीत नानांनी मला न सांगता एक काम केलं. त्यांचा एक जुना विद्यार्थी तेव्हा आमदार होता. नाना त्याच्याकडे गेले आणि स्वतः प्रश्न लिहून दिला. तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे प्रश्न वाचले होते, त्यामुळे प्रश्न अगदी चोख होता. पासपोर्ट हा केंद्राचा विषय, सभागृहात तो उडेल. पोलीस पडताळणी राज्याची, ती धरायची — हे सगळं सांभाळून. मला सांगितलं नाही, कारण माझ्या नोकरीला बाधा येऊ नये. "तू सरकारी माणूस," नंतर म्हणाले, "तुला अडचणीत का आणायचं?"

मार्च उजाडला. सुनंदा दिवस पूर्ण भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी झाली, अशी तार आली. नाना पेढे घेऊन कचेरीत आले आणि पुडा माझ्याच टेबलावर, त्याच खणाच्या वर ठेवला. "आजोबा झालो," म्हणाले. "आता बारशाला तरी पोचेन ना?" मी पेढा तोंडात टाकला. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

त्यानंतर नऊ-दहा दिवसांनी साहेबांनी मला आत बोलावलं. अधिवेशन चालू असलं की आमच्याकडे लाल चिठ्ठी लावलेले कागद यायचे. सभागृहात मंत्री जे उत्तर वाचतात, त्याचा पहिला मसुदा जिल्ह्यातल्या कुठल्यातरी कारकुनानं लिहिलेला असतो; नाना आणि मी ज्यावर हसायचो ती वाक्यं माझ्यासारख्यांचीच. साहेबांनी कागद पुढे सरकवला. तारांकित प्रश्न. धुळे जिल्ह्यात पारपत्रासाठीचे पोलीस पडताळणी अहवाल अनेक महिने पडून आहेत, हे खरे आहे काय. असल्यास, विलंबाची कारणे काय. याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली आहे?

दुसरी ओळ वाचतानाच मी ओळखलं, हे कुणाचं आहे.

"आपल्याकडे पडून आहे का काही?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

"नक्की?"

"बघून सांगतो."

असा प्रश्न आला की आमच्याकडे एक रीत होती, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. आधी कागद हलवायचा, मग उत्तर लिहायचं. म्हणजे उत्तर खरं ठरतं. मी टेबलावर येऊन पंचांग उचललं. चार ओळी टंकलिखित केल्या, वीस कागदांत घालून सही घेतली, जावकला नोंदवून घेतलं. खरोखर अर्धा तास लागला. मग त्याच यंत्रात दुसरा कागद घालून उत्तर लिहिलं: "हे खरे नाही. आजमितीस एकही अहवाल प्रलंबित नाही. विलंबाच्या कारणांचा व कार्यवाहीचा प्रश्न उद्भवत नाही." जिल्ह्यात एकच अहवाल पडून होता. तो मीच पाडला होता, आणि तो नाही हेही मीच लिहिलं.

मंत्र्यांनी सभागृहात माझं वाक्य जसंच्या तसं वाचलं. पुढच्या पंधरा-वीस दिवसांत नानांचा पासपोर्ट आला.

नानांच्या आनंदाला काय म्हणू? छापील उत्तर हातात पडलं तेव्हा ते खुर्चीतून उठून नाचायचेच बाकी होते. "बघ, मंत्री म्हणतो हे खरं नाही, आणि कागद तर निघाला! बठ्ठं सभागृह मनासाठे बसेल व्हतं, सगळंच्या सगळं!" मरेपर्यंत ते हा किस्सा सांगत. जुने विद्यार्थी भेटले की सांगत, बसमध्ये शेजारच्याला सांगत: लोकशाही चालते, बाबा, फक्त प्रश्न नीट विचारावा लागतो. त्यांच्या आयुष्यातला तो विजय होता. त्यात मी हात का घालायचा, असं मी म्हणायचो. किती सोयीचं होतं ते!

मेमध्ये ते मस्कतला गेले. बारसं होऊन गेलं होतं. नऊ महिन्यांनी परत आले, खजूर घेऊन. आणि आमचे गुरुवार पुन्हा सुरू झाले — पूर्वीसारखेच. खोटं बोलून मिळवलेली गोष्ट बेचव लागते, असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. ते गुरुवार फार सुंदर होते. पुढे माझी बदली जळगावला झाली, तर नाना बसनं इकडे यायचे आणि उतरल्या उतरल्या विचारायचे, "मंत्रीमहोदय सभागृहात उपस्थित आहेत काय?"

गेल्या आठवड्यात देवपुरात त्यांची गंधमुक्ती झाली. तेराव्याचं जेवण होतं. सुनंदा मुलीला घेऊन आली आहे. मुलगी शाळेत जाते, आजोबांसारखीच बोलघेवडी आहे. सुनंदानं स्वतः मला वाढलं. गंगाफळाची भाजी वाढता वाढता म्हणाली, "काका, बाबा कायम म्हणायचे, भाऊ कचेरीत होता म्हणून तो कागद निघाला."

मग समोर बसून तिनं त्या दिवसांचं सांगितलं. हसत हसत सांगत होती. नवरा पाळीवर, शेजारी केरळची एक नर्स. नानांचं पत्र यायचं, आता आठवड्याभरात येतो. ती त्या नर्सला सांगायची, माझे वडील येणार आहेत. तीनदा तारीख सांगून झाली. नर्स शेवटी म्हणाली, तुला वडील आहेत ना नक्की? दुखायला लागलं तेव्हा हात धरायला तीच होती. दीड दिवस. "मी दाराकडे बघत होते काका, वेड्यासारखी. म्हटलं, बाबा येतील. बघा ना, काय पण!"

बाजूला बसलेले लोकही हसले. मग ती म्हणाली, "इतका उशीर का झाला, ते काही शेवटपर्यंत कळलं नाही. सरकारी काम, दुसरं काय."

मी म्हणालो, "हो. सरकारी काम."

हे मी गेल्या आठवड्यात म्हणालो. तेव्हा नाना नव्हते, गुरुवार नव्हता, जपायचं काही उरलं नव्हतं. कागद खणात ठेवला त्याला कारण होतं, भलं-बुरं कसलं का असेना. याला कोणतं होतं? ताटात वाढलेलं होतं, चार लोक बसले होते, आणि ती माझ्याकडे मायेनं बघत होती. एवढंच. मी ताट स्वच्छ केलं आणि संध्याकाळच्या बसनं जळगावला आलो.

सुनंदा सोमवारी परत जाणार आहे. घर आवरते आहे. ही पानं लिहून झाली आहेत. टपालानं पाठवली तर वेळेत पोचतीलही, पण मी उद्या सकाळी स्वतःच धुळ्याला जाणार आहे. तिच्या हातात देईन. ती वाचत असेल तेव्हा समोर बसून राहीन. वाचून झाल्यावर ती काय म्हणेल, ते मी मनात रचून पाहिलेलं नाही.