पामरसाहेबांची मतदार

रंभाबाई मेश्राम इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या कौन्सिलमध्ये आठ वर्षं होत्या, १९८८ ते १९९६. दोन निवडणुका जिंकल्या, दोन महापौरांशी भांडल्या. त्यांच्याविषयी सांगताना लोक तिथूनच सुरुवात करतात. करोत बापडे. रंभाबाई खऱ्या कळतात त्या हरलेल्या निवडणुकीत, आणि त्या हरल्या कशा हे ऐकलंत तर तुम्हीही कपाळाला हात लावाल.

बाई मूळच्या भंडाऱ्याच्या. लग्न होऊन १९६९ साली इकडे आल्या. नवरा, बबनराव, मोटारीच्या कारखान्यात आणि बाई स्वतः हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत. शिफ्ट सकाळी सहाची, आणि त्या बाजूला जाणारी पहिली बस पावणेसातची. हे वेळापत्रक ज्याने आखलं तो नऊ वाजता ऑफिसला जाणारा असणार, यात आम्हाला तरी शंका नाही. तेव्हा लॉन्ड्रीतल्या, किचनमधल्या आणि साफसफाईच्या मिळून चौदा बाया पहाटे पाचला घर सोडायच्या आणि अडीच मैल चालत जायच्या. हिवाळ्यात फुटपाथवर बर्फाची काच धरलेली. आयरिश ब्रिजेट त्यावरून घसरली आणि मनगट मोडून बसली, तेव्हा रंभाबाईंनी कौन्सिलला पत्र लिहिलं. मग दुसरं लिहिलं. अशी अकरा झाली. दर वेळी एकच उत्तर यायचं, आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.

"हे लोक नुसती नोंद घेतात," रंभाबाई बबनरावांना म्हणाल्या. "अहो, आपणच तिथं जाऊन बसल्याशिवाय बस काही यायची नाही."

१९८६ च्या निवडणुकीत पक्षाने त्यांना तिकीट दिलं, कारण दुसरं कुणी मागत नव्हतं. त्या वॉर्डात पामरसाहेब सतरा वर्षं ठाण मांडून होते. पक्षाच्या एजंटने बाईंना बजावलं होतं, एका दाराशी दोन मिनिटं, आत जायचं नाही. बाई आत गेल्या. प्रत्येक घरी गेल्या, बसल्या, चहा घेतला, आजारी सासूची विचारपूस केली. संध्याकाळभरात घरं व्हायची जेमतेम आठ, आणि एजंटच्या नाकी नऊ. पण मार्चअखेर हवा फिरली. एप्रिलमध्ये लोक म्हणायला लागले, की या खेपेला पामरचं काही खरं नाही.

पामरसाहेब दुसऱ्या पक्षाचे खरे, पण रंभाबाईंचे शेजारी. घराचे नव्हेत, अलॉटमेंटचे. कौन्सिल भाजी लावायला जमिनीचे तुकडे भाड्याने देते, तिथे बाईंची मेथी आणि त्यांचे कांद्याच्या पातीसारखे लीक बांधाला बांध लागून होते. आई वारली तेव्हा रंभाबाई दीड महिना भंडाऱ्याला गेल्या. परत येऊन बघतात तर मेथी हिरवीगार. म्हाताऱ्याने रोज पाणी घातलं होतं, कुणी न सांगता. बायको जाऊन सहा वर्षं झालेला एकटा माणूस.

मतदानाच्या दिवशी सकाळी बाई बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडून निघाल्या. वाटेत जो भेटेल तो म्हणे, तुमचंच आहे, काळजी नको. बूथमध्ये दोरीने बांधलेली पेन्सिल हातात घेतली आणि मनात आलं, सगळा वॉर्ड आपल्या बाजूने, मग बिचाऱ्या म्हाताऱ्याला मतं पडणार तरी किती? वीस? पंचवीस? भर हॉलमध्ये ती वाचून दाखवणार. शिवाय आपल्याच नावापुढे आपणच फुली मारायची म्हणजे पंगतीत पातेलं ओढून स्वतःलाच वाढून घेण्यासारखं. बाईंनी पामरच्या नावापुढे फुली मारली आणि हलक्या मनाने घरी आल्या.

मतं तीनदा मोजली. पामर, एक हजार दोनशे चौदा. मेश्राम, एक हजार दोनशे तेरा.

गाडीत बसल्यावर बाईंनी बबनरावांना काय ते सांगून टाकलं. बबनरावांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"अगं, म्हणजे तू एका मताने हरली नसतीस, एका मताने जिंकली असतीस! तुझं एक वाढलं असतं, त्याचं एक कमी झालं असतं! इट्स सिंपल मॅथ्स! बाबासाहेबांनी मताचा हक्क मिळवून दिला तो काय मेथीला पाणी घातलं म्हणून वाटायला?"

"कुणाला सांगू नका हं," रंभाबाई एवढंच म्हणाल्या.

सोमवारी पहाटे पुन्हा त्या चौदाजणी रस्त्याला लागल्या. सगळ्या बाईंची समजूत घालत होत्या, नेक्स्ट टाइम, म्हणत होत्या. रंभाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या एका फुलीपायी या बाया आणखी किती हिवाळे चालणार, हा विचार काही केल्या पाठ सोडेना. खरं सांगायला त्यांचा धीर झाला नाही. पण नुसतं कुढत बसणं हेही त्यांच्या स्वभावात नव्हतं.

कौन्सिलर दर शनिवारी लायब्ररीत बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकतो. त्या शनिवारी दहाच्या ठोक्याला रंभाबाई पामरसाहेबांसमोर जाऊन बसल्या.

"मी तुम्हाला मत दिलं," त्या म्हणाल्या.

पामरसाहेब हसले. मग बाईंचा चेहरा बघून हसायचे थांबले. मनातल्या मनात हिशोब केला असावा, कारण कानापर्यंत लाल झाले.

"म्हणजे तुम्ही आता माझे कौन्सिलर," बाई म्हणाल्या, "आणि मी तुमची मतदार. बस कुठाय?"

त्यानंतर एक शनिवार त्यांनी सोडला नाही. पाऊस असो, फुटबॉलचा मोठा सामना असो, पामरसाहेबांना पडसं असो. आठवड्यात अलॉटमेंटवर भेटल्या तर बांधावरून विचारायच्या. म्हाताऱ्याने लीकला पाणी घालायच्या वेळा बदलून पाहिल्या, उपयोग झाला नाही. शेवटी १९८८ च्या जानेवारीत ते वैतागून म्हणाले, असं काय आहे त्या रस्त्यात ते बघतोच. बहात्तर वर्षांचा माणूस पहाटे पाचला कोट घालून चौदाजणींबरोबर निघाला. पहिला मैल बोलत होता. दुसऱ्या मैलाला ब्रिजेटचा हात धरला. हॉस्पिटलच्या दाराशी पोचल्यावर पाच मिनिटं भिंतीला टेकून उभा राहिला, आणि पुढल्या महिन्यात बसच्या कमिटीत स्वतःच्याच पक्षाविरुद्ध मत देऊन आला.

२१ मार्च १९८८, सोमवार. पाच वाजून वीस मिनिटांनी बस आली. चौदाजणी आत चढल्या आणि नव्या नवरीच्या वरातीत बसल्यासारख्या हसत सुटल्या. एकट्या रंभाबाई गप्प. मे महिन्यात वॉर्डातली दुसरी एक जागा रिकामी होत होती. पक्षाने त्यांना पुन्हा विचारलं होतं आणि त्यांनी कारण न देता नाही म्हटलं होतं. आता त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि आपल्या इंग्रजीत सगळं सांगून मोकळ्या झाल्या. बूथ, पेन्सिल, फुली. दोन वर्षं तुम्ही माझ्यामुळे चाललात, म्हणाल्या. मी कुठल्या तोंडाने पुन्हा उभी राहू?

ब्रिजेटने बाजूला सरकून सीटवर जागा केली.

"वी नो, लव्ह," ब्रिजेट म्हणाली.

रंभाबाईंनी कांताबाईंकडे पाहिलं. कांताबाई किचनमध्ये कामाला, आणि राहायला बाईंच्या समोरच.

"ताई, बबनभाऊंनी निकालाच्या दुसऱ्या दिवशीच आमच्या ह्यांना सांगितलं. ह्यांनी मला. सोमवारी पहाटे आम्ही निघालो तेव्हा एव्हरीबडीला माहीत होतं."

"दोन वर्षं? आणि कुणी एक शब्द बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? पहिल्या दिवशी राग आला, खोटं कशाला बोलू. पण दर शनिवारी त्या म्हाताऱ्यापुढे जाऊन बसत होतात, ते दिसत होतं ना आम्हाला. त्यात तुमचं तोंड एवढंसं झालेलं. म्हटलं, सांगतील कधीतरी आपणहून."

मग कांताबाईंनी पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला. उमेदवारीचा अर्ज होता. दहा मतदारांच्या सह्या लागतात, त्या दहाही झालेल्या. जागा न उरल्यामुळे राहिलेल्या तिघी मागच्या सीटवर रुसून बसल्या होत्या.

"उमेदवाराची सही तेवढी बाकी आहे," कांताबाई म्हणाल्या.

रंभाबाई सीटवर बसल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या. ड्रायव्हरने घाबरून बस थांबवली. रडणाऱ्या रंभाबाईंसकट चौदाजणी एकदम त्याच्यावर ओरडल्या, थांबतोस काय, शिफ्टला उशीर होईल.