ताईचा डोंगर

बाबा मंगळवारी गेले. त्यांची शिफ्ट सातला होती.

तेराव्यानंतर कपाट आवरताना माझी सहावीची भूगोलाची वही सापडली. नारपोलीच्या आमच्या गच्चीवरून दिसणारे तीन डोंगर मी तीत काढले होते. खाली बाबांनी सांगितलेली नावं: मामाचा, मावशीचा, ताईचा. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. बाईंनी तिन्ही नावांवर लाल फुली मारून 'तुंगारेश्वर रांग' असं लिहिलं होतं. तेव्हा वही बघून बाबांनी एवढंच विचारलं होतं, "बाई कुठल्या गावच्या?"

तो प्रश्न आता मला टाळाटाळीचा वाटला. डोंगर कधी कुणाच्या बहिणीचा असतो का? गावच्या गोष्टी ते फार सांगत. नावं रचलेली असतील, तर ओढ्यातले खेकडे, वज्रेश्वरीच्या कुंडावरची ती थंडीतली अंघोळ, यातलं खरं किती? त्यांना विचारायची सोय उरली नव्हती.

वही घेऊन मी वज्रेश्वरीच्या पुढे त्यांच्या गावी गेले. स्टँडवरच्या चहावाल्याला डोंगर दाखवून विचारलं.

"ताईचा? न्हाय बा. आम्ही त्याला सासऱ्याचा म्हंतो," तो हसला.

शहरातली बाई बघून थट्टा करतोय, असं मी धरलं. संशय पक्का झाला.

आत्याला त्याच डोंगराच्या पलीकडे, वसईच्या अंगाला दिलेली. आजारपणामुळे ती तेराव्याला आली नव्हती. तिच्या अंगणातून तो डोंगर उलट्या बाजूनं दिसतो. बाबांनी सांगितलेलं नाव मी मुद्दाम काढलं नाही.

"आत्या, याला काय म्हणतात?"

"माहेरचा."

मी वही मिटली.

"काय गं, तोंड का पाडलंस?"

"बाबा ताईचा म्हणायचे."

"मग? त्याची ताई या अंगाला, माझं माहेर त्या अंगाला. पल्याड जे मानूस असंल, त्याच्या नात्यानं डोंगर. शाळा शिकलीस ना एवढी?"

ती माझी समजूत काढते आहे, असंच आधी वाटलं. मग चहावाल्याचा सासरा आठवला.

"आणि नकाशावर दुसरंच आहे ते?"

"नकाशावाल्यांचं कोन हाय पल्याड?"

गच्चीसमोर आता गोदाम झालं आहे. त्याच्या पत्र्यावरून एकच डोंगर दिसतो, ताईचा.