तीन ओळींची पात

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही. शाळा चौथीनंतर सुटली. लेकीच्या जुन्या वहीतली ही कोरी पानं कोणी वाचणार नाही, तरी चुकांची माफी आधीच मागते. कोणी काही म्हणायच्या आधी भिऊन राहायची मला सवयच आहे. त्या सवयीनेच सोयाबीनचं गुत्तं बिघडलं.

गुत्तं म्हणजे रक्कम ठरवून अंगावर घेतलेलं काम. आठ एकर, बारा बाया, पाच दिवस. हजेरी लिहिता येते म्हणून गल्लीतल्या बायांनी मला मुकादम केलं. मी नको म्हणाले, पण इतक्या हळू की कोणाला ऐकूच गेलं नाही. महालक्ष्म्यांच्या सणाआधी शेतमालकाने आगाऊ पैसे दिले, ती उचल मी सगळ्यांना वाटली. कागदावर सही मात्र माझ्या एकटीची. काम वेळेत झालं नाही तर उचल परत करायची, असं त्यावर लिहिलेलं होतं. सही केली त्या दिवसापासून भाकर गोड लागली नाही.

कापणीत प्रत्येक बाई चार ओळी धरते, त्याला पात म्हणतात. सगळ्या पाती बरोबरीने पुढे सरकाव्या लागतात. आमच्यात दोघी म्हाताऱ्या होत्या, त्या मागे पडायच्या आणि बाकीच्या चिडायच्या. त्यांना सांभाळून घ्या, एवढं म्हणायचीही माझी हिंमत झाली नाही. मग सकाळी पाती वाटताना मी त्या दोघींना गुपचूप तीनच ओळी द्यायचे. उरलेल्या दोन ओळींपैकी एक माझ्या पातीत घ्यायचे आणि एक थोरल्या जावेच्या पातीत सरकवायचे. तिच्यासारखा विळा गावात कोणाचा चालत नाही. वाटलं, तिला कळणार नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती मधेच उभी राहिली आणि विळ्याच्या टोकाने मोठ्याने ओळी मोजू लागली.

"माझ्या पाच. मावशीच्या तीन. काहून गं?"

मी खाली वाकून कापतच राहिले.

"बोल की! मुकादम हायेस न? का चौथीत मोजणी शिकवलीच न्हाई?"

बाया हसल्या. मग हसणं थांबलं आणि जी ती आपापल्या ओळी मोजायला लागली.

"उचलीतबी असंच केलं असल," मागून एक जण म्हणाली.

म्हातारी मावशी विळा खाली ठेवून म्हणाली, "मला म्हाईत न्हवतं गं बाई. मी तर बराबर चारच समजून राहिले होते." तिच्या तोंडाकडे बघवेना.

जाऊ आणि आणखी चौघी जाऊन लिंबाखाली बसल्या. तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. मालक होता.

"सेनगावकडून ढग येऊन राहिले. किती झालं?"

"होऊन राहिलं," मी खोटं बोलले.

"परवा संध्याकाळपर्यंत न्हाई झालं तर मी मशीन आणतो. उचल तयार ठेवा."

उचल तर कधीच खर्चून गेली होती. फोन पिशवीत टाकून मी लिंबाखाली जावेसमोर गेले. तिथे जाण्यापेक्षा विहिरीत उतरणं सोपं वाटलं असतं.

"अक्का, मी चोरून केलं. पैसे न्हाई खाल्ले. भ्याले म्हणून केलं."

"कोणाला भ्याली?"

"तुमाला."

"मला? मी काय वाघीण हाय?"

"व्हय."

कोणीतरी फिसकन हसलं. जाऊ हसली नाही. "विचारलं असतंस तर सहा घेतल्या असत्या. चोरून एकबी न्हाई."

मग मी पहिल्यांदा सगळ्यांना विचारलं, आता काय करायचं? आवाज फाटला, पण निघाला. भांडण आणखी वाढलं. म्हाताऱ्यांना घरी पाठवा, असंही एक जण म्हणाली. शेवटी मावशीच बोलली, "आमी मागून ढीग गोळा करतो, पाणी आणतो. आमाला पाऊण मजुरी द्या." बाकीच्यांतल्या दोघींना ते पटलं नाही. दुसरीकडे मजुरी जास्त होती, त्या आपली उचल न फेडता निघून गेल्या. जावेचा राग गेला नव्हता, पण तिने विळा उचलला.

तरी एक एकर राहिलंच आणि ते पावसात भिजलं. मालकाने पैसे कापले, त्यामुळे थोडी उचल अंगावर राहिली. पुढे कित्येक दिवस गोरेगावच्या बाजारात मालक दिसला की मी भाजीवाल्यांच्या मागे लपायचे.

ते लपणं जावेने पाहिलं. तेव्हा मालकाचा कापूस वेचणीला आला होता. "लपून कापूस वेचला जातो का?" म्हणाली. मग मी परत सगळ्यांना बोलावलं आणि मालकाचाच कापूस वेचून उचल फेडायची का, ते विचारलं. नको म्हणायचं असेल तर म्हणा, असंही सांगितलं. कोणी नको म्हणालं नाही. निघून गेलेल्यांतली एक चार दिवसांनी मान खाली घालून आली आणि पात धरली. तिला कोणी टोमणा मारू नये म्हणून मीच तिच्या शेजारी उभी राहिले. दुसरी आलीच नाही. तिचा वाटा आम्ही उघड बोलून वाटून घेतला.

शेवटच्या दिवशी आम्ही मालकाच्या ओट्यावर गेलो. वेचणीच्या मजुरीतून उचलीच्या नोटा जावेने मोजून दिल्या, ओळी मोजल्या तशाच, मोठ्याने. मालकाने कागद आणून माझ्या सहीवर रेघ मारली. सगळी उचल फिटली.